शुश्रूषा केंद्रातली काळजी चांगली आहे हे नेमकं कशावरून ओळखायचं?

निळीसावली

सासऱ्यांना पक्षाघाताचा दुसरा झटका येऊन गेला. उजवी बाजू पूर्ण अधू, बोलणं जवळपास बंद. समजतं मात्र बरंच. चोवीस तास माणूस लागतो, आणि घरी ते जमत नाही हे आता आम्ही सगळ्यांनी मान्य केलंय. त्यामुळे कायमस्वरूपी शुश्रूषा केंद्र बघणं चालू आहे.

अडचण अशी, की बघायला गेलं की सगळीच केंद्रं चांगली वाटतात. फरशी चकाचक, मॅनेजर गोड, भिंतीवर वाढदिवसांचे फोटो. बाहेर पडल्यावर नवरा विचारतो "कसं वाटलं?" आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. पडद्यांचा रंग सांगू का?

तर प्रश्न सरळ आहे. आत जी काळजी घेतली जाते ती चांगली की वाईट, हे आमच्यासारख्या बाहेरच्या माणसाने कसं जोखायचं? "मनाला काय वाटतं ते बघा" हा सल्ला सोडून काहीही चालेल. आणि "घरीच ठेवा" हेही कृपया नको.

आळशी_वाचक

रुमाल. वाचतोय.

तिरकसराव

फोन करून, वेळ ठरवून, सकाळी अकराला गेलात तर चकाचकच दिसणार. न सांगता जा. संध्याकाळी सातनंतर जा, रविवारी जा. ऑफिसातली मंडळी घरी गेली की केंद्राचा खरा चेहरा बाहेर येतो.

आणि नाक घेऊन जा. एखाद्या खोलीपाशी लघवीचा वास आला तर आत्ताच कुणाचं तरी काम झालं असेल, त्यात काही नाही. पण पूर्ण मजल्यावर तोच वास मुरलेला असेल तर तिथे डायपर वेळेवर बदलत नाहीत. तिसरा प्रकार म्हणजे डोळ्यांत पाणी येईल इतका फिनेलचा वास. तिथे मी सगळ्यात जास्त संशय घेईन.

काठावरचा

आईवडिलांनी आपल्याला असं कुठे नेऊन ठेवलं होतं का लहानपणी? विचार करा.

निळीसावली

@काठावरचा, वर काय लिहिलंय तेवढं वाचलं असतं तर बरं झालं असतं.

रात्रपाळी

मी सिस्टर आहे. बरीच वर्षं अशाच केंद्रांमध्ये काम केलं, आता हॉस्पिटलमध्ये आहे. तिरकसरावांशी सहमत, पण वेळ साधून गेलात तरी बघायचं कुणाकडे हे माहीत हवं.

चालत्या-फिरत्या, गप्पिष्ट आजोबांकडे बघू नका. ते सगळ्यांचे लाडके असतात, त्यांना चहा दोनदा मिळतो. जो बोलू शकत नाही, हाक मारू शकत नाही आणि ज्याला भेटायला फारसं कुणी येत नाही, त्याचं काय चाललंय ते बघा. तुमचे सासरे उद्या त्याच जागी असणार आहेत.

परक्या माणसाचं पांघरूण उचलून बघता येणार नाही आणि बघूही नये. पण दारातून बरंच दिसतं. पाण्याचा पेला कुठे ठेवलाय? उजवा हात निकामी असलेल्या माणसाच्या उजवीकडे पेला आणि बेल ठेवली असेल तर ते पाणी त्याच्यासाठी नाहीच. टाचा गादीला टेकल्यात की पोटरीखाली उशी घालून अधांतरी ठेवल्यात? माणूस सरळ टेकून बसलाय की घसरून हनुवटी छातीला लागलीय? ओठ बघा. कोरडे, पापुद्रे सुटलेले ओठ असतील तर पाणी पाजायला कुणाला वेळ नाही. म्हातारपणी तहान लागल्याचं नीट कळतही नाही. मागतील तेव्हा देऊ म्हटलं तर ते मागणारच नाहीत.

तुमच्या सासऱ्यांच्या बाबतीत एक खास गोष्ट. पक्षाघातानंतर अधू हाताची मूठ हळूहळू वळत जाते. दाखल केल्यावर भेटायला जाल तेव्हा ती मूठ हलक्या हाताने, एकेक बोट करून उघडा. तळवा कोरडा, नखं कापलेली, मध्ये मऊ कापडाची गुंडाळी ठेवलेली असेल तर कुणीतरी रोज त्या हाताकडे बघतंय. आत ओलसर मळ असेल, आंबूस वास येत असेल, नखांचे वण तळव्यात उमटले असतील, तर अंघोळ घातली म्हणून रजिस्टरवर सही असली तरी ती अंघोळ वरवरची आहे. केंद्रवाले पाहुणे येणार म्हणून चेहरा पुसतात, कपडे बदलतात, केस विंचरतात. मूठ उघडून पुसायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

दगडफूल

@रात्रपाळी, हा प्रतिसाद कुठेतरी जपून ठेवायला हवा. वाचनखूण साठवली.

निळीसावली

मूठ उघडून बघायचं मला आयुष्यात सुचलं नसतं. धन्यवाद.

एका ठिकाणी सांगितलं, "आमच्याकडे पाच जणांमागे एक माणूस." हे पुरेसं आहे का? आणि पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलतो म्हणाले. तक्तासुद्धा दाखवला.

रात्रपाळी

पाचामागे एक हा आकडा कसा काढला ते विचारा. बऱ्याचदा स्वयंपाकी, सफाईवाले, ऑफिसातले, सुट्टीवरचे, सगळे धरून भागाकार केलेला असतो. विचारायचा प्रश्न असा: "काल रात्री दोन वाजता या मजल्यावर कितीजण ड्यूटीवर होते, आणि त्यातल्या शिकलेल्या सिस्टर किती?" मॅनेजरला विचाराच, पण मजल्यावरच्या मावशींनाही सहज बोलता बोलता विचारा. दोन उत्तरं जुळली तर उत्तम.

कूस बदलण्याचं गणित तुम्हीच करून बघा. समजा मजल्यावर २० जण असे आहेत की ज्यांना स्वतःहून वळता येत नाही. जड माणसाला वळवायला दोघं लागतात. डायपर बघायचा, पाठ पुसायची, उशा लावायच्या. घाई न करता ८ मिनिटं धरा. २० जणांची १६० मिनिटं झाली, आणि फेरी तर दर १२० मिनिटांनी व्हायला हवी. रात्री मजल्यावर दोनच माणसं असतील तर ही फेरी पूर्ण होणं शक्यच नाही. मग होतं काय? तक्ता पूर्ण होतो.

म्हणून तक्ता बघताना घड्याळ बघा. दुपारी तीनला गेलात आणि सहाच्या रकान्यात आधीच बरोबरची खूण असेल तर उठा आणि निघा. पूर्ण रात्रभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच दमात लिहिल्यासारख्या दिसत असतील तरी तेच. खरा तक्ता जरा गचाळ असतो. मध्येच "२.४० ला केले, उलटी झाली होती" असं काहीतरी लिहिलेलं असतं.

स्टेथो

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. डॉक्टर म्हणून थोडी भर.

बेडसोअर, म्हणजे पडून राहिल्याने होणारी जखम, एका रात्रीत आकाशातून पडत नाही. सतत दाब राहिला की काही तासांत सुरुवात होऊ शकते, पण सुरुवातीला कातडी शाबूत असते. माकडहाड, टाचा, खुब्याची बाजू, कोपर, डोक्याची मागची बाजू ही नेहमीची ठिकाणं. लालसर डागावर बोटाने दाबून सोडायचं. तिथे क्षणभर पांढरं पडलं तर ठीक, लाल तसाच राहिला तर ती पहिली पायरी. सावळ्या कातडीवर हा लालपणा सहज दिसत नाही, त्यामुळे तिथे हात लावून बघावं लागतं. आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागलं, किंवा जांभळट-काळपट दिसलं तर सावध व्हायचं. चौथ्या पायरीला जखम स्नायू-हाडापर्यंत पोचते आणि मग महिने जातात.

धोका किती आहे हे मोजायला १९८७ पासून ब्रेडन मापन वापरलं जातं. सहा गोष्टी बघतात: संवेदना, ओलावा, हालचाल किती होते, स्वतःहून कूस बदलता येते का, आहार, आणि घर्षण. गुण ६ ते २३, जितके कमी तितका धोका जास्त. साधारण १८ किंवा खाली आले की काळजी घ्यायची. केंद्राला एवढंच विचारा, "दाखल करताना कातडीची तपासणी कोण करतं आणि ती लिहून ठेवता का?" ज्यांना हा प्रश्न कळतच नाही ते "आमच्याकडे हवेच्या गाद्या आहेत" असं उत्तर देतील. हवेची गादी असली तरी माणसाला वळवावं लागतंच.

दाखल करायच्या दिवशी तुम्हीही सासऱ्यांची पाठ आणि टाचा बघून, फोटो काढून ठेवा. नंतर "आले तेव्हाच होतं" हे ऐकावं लागत नाही.

तिरकसराव

फोटोचं लाख बोललात.

दगडफूल

बाहेरच्या देशांत यासाठी सरकारी मानांकन असतं, म्हणून थोडं लिहिते. अमेरिकेत २००८ पासून प्रत्येक केंद्राला एक ते पाच तारे देतात. सरकारी तपासणी, कर्मचारीसंख्या आणि रुग्णांच्या तब्येतीचे निकष, असे तीन भाग. ऐकायला छान. गंमत अशी की सुरुवातीची कित्येक वर्षं यातली कर्मचाऱ्यांची आणि तब्येतीची माहिती केंद्रं स्वतःच भरून द्यायची. साहजिकच सगळ्यांचे तारे चमकायला लागले. शेवटी २०१८ पासून कर्मचारीसंख्येसाठी पगारपटावरची हजेरी धरायला लागले. इंग्लंडमध्ये तपासनीस स्वतः जाऊन चार श्रेणींपैकी एक देतात. ते पाच प्रश्न विचारतात: सुरक्षित आहे का, उपयोग होतो का, माया आहे का, माणसाच्या गरजेप्रमाणे वागतात का, आणि कारभार नीट आहे का.

मला यातून कळलं ते असं की केंद्राने स्वतःबद्दल सांगितलेली माहिती आणि दुसऱ्याने येऊन बघितलेली माहिती वेगळी ठेवायची. भिंतीवरचं प्रमाणपत्र दिसलं की कुणी, कधी आणि काय बघून दिलं ते विचारा.

१९६६ साली डोनाबेडियन नावाच्या डॉक्टरांनी वैद्यकीय सेवेचा दर्जा तीन अंगांनी बघायची पद्धत मांडली. साधनं काय आहेत, प्रत्यक्ष काय केलं जातं, आणि शेवटी माणसाचं काय झालं. आपण बघायला जातो तेव्हा पहिल्या अंगातच अडकतो. लिफ्ट, जनरेटर, बाग.

तिरकसराव

बागेत आजोबांना कोण नेतं ते विचारा. खुर्च्यांवरची धूळ बघितली तरी कळेल.

मुक्ताफळे

इतकं सगळं कशाला? मी एकच प्रश्न विचारतो: "गेल्या महिन्यात कितीजण पडले?" माझी आई केंद्रात पडली, खुब्याचं हाड मोडलं, त्यातून ती पुन्हा उठलीच नाही. केंद्राने आम्हाला दुसऱ्या दिवशी कळवलं. जिथे माणसं पडतात तिथे लक्ष नाही. विषय संपला. त्या केंद्राचं नाव [संपादित]

संपादक मंडळ

वैयक्तिक तक्रारीत संस्थेचं नाव लिहू नये, म्हणून नाव काढलं आहे. बाकी प्रतिसाद तसाच ठेवला आहे.

रात्रपाळी

@मुक्ताफळे, तुमच्या आईंबद्दल वाचून वाईट वाटलं. लगेच न कळवणं हा तर अक्षम्य प्रकार आहे.

पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर कुणी "एकही नाही" असं दिलं तर मी घाबरेन. म्हातारी, पाय लटपटणारी, अर्धवट भान असलेली माणसं एका छताखाली राहतात आणि महिनोन्महिने कुणीच पडत नाही, याचे दोनच अर्थ निघतात. एकतर पडलेलं लिहीत नाहीत, नाहीतर कुणाला उठूच देत नाहीत. खुर्चीला ओढणीने बांधलेले आजोबा मी पाहिलेत. समोर टेबल असं अडकवतात की उठताच येऊ नये. मुलगा भेटायला आला की सोडायचं. बांधलेला माणूस पडत नाही, खरं आहे. पण काही आठवड्यांत पायातलं बळ जातं, पाठीला जखमा होतात, आणि ज्याला धरून धरून संडासपर्यंत नेता येत होतं तो कायमचा डायपरमध्ये जातो.

पलंगाच्या कठड्यांचंही तसंच. गोंधळलेला माणूस कठडा ओलांडून पडतो तेव्हा जास्त उंचीवरून पडतो. कठडा आणि गादीच्या फटीत मान अडकून माणसं गेलेली आहेत. अमेरिकेतल्या १९८७ च्या कायद्यात केंद्राच्या सोयीसाठी किंवा शिक्षा म्हणून कुणालाही बांधून ठेवायचं नाही असं स्पष्ट लिहावं लागलं, त्यावरून ही सवय किती सर्रास होती ते समजा.

मी विचारेन: "शेवटचं कोण पडलं, आणि त्यानंतर तुम्ही काय बदललं?" चांगलं केंद्र नाव न घेता सांगेल, की एक आजी पहाटे चारला संडाससाठी एकट्या उठायच्या, म्हणून आता आम्ही साडेतीनला त्यांना स्वतः नेतो. किंवा रक्तदाबाच्या गोळीने चक्कर यायची, डॉक्टरांशी बोलून वेळ बदलली. वाईट केंद्र सांगेल, "ऐकतच नाहीत हो, कितीदा सांगितलं उठू नका."

मुक्ताफळे

म्हणजे पडू द्यायचं? तुमच्या बोलण्यातून केंद्राची बाजूच दिसते. आई तुमची नव्हती.

रात्रपाळी

बाजू केंद्राची नाही. पण नातेवाईकांचा धाक काय करतो तेही मी पाहिलंय. "पडली तर केस करीन" असं एकाने ओरडून सांगितलं की त्याच रात्री त्या आजींना बांधतात, आणि ते आम्हालाच करायला लावतात. मी नाही म्हटलं म्हणून माझी ड्यूटी बदलली होती.

स्टेथो

दोघांचंही म्हणणं एका मर्यादेपर्यंत बरोबर आहे. खुब्याचं हाड मोडणं म्हाताऱ्या माणसासाठी जिवावरचं दुखणं ठरू शकतं, त्यामुळे मुक्ताफळे यांचा राग समजतो. पण पडण्याची शक्यता शून्य करायला गेलं की माणसाचं हलणंच शून्य होतं. किती धोका पत्करायचा हे घरच्यांनी, आणि ज्याला समजतं त्या रुग्णाने, आधी बसून ठरवावं आणि लिहून ठेवावं. ते केंद्राने परस्पर ठरवू नये.

बांधण्याचा एक न दिसणारा प्रकारही आहे, तो म्हणजे औषधाने बांधणं. "आल्यापासून अगदी शांत झालेत" हे ऐकून घरचे खूश होतात. मी अशा वेळी आधी औषधांची यादी मागतो. विसराळूपणाच्या आजारात (डिमेन्शिया) रुग्ण ओरडतो, फिरतो, मारायला येतो, म्हणून मनोविकारावरची औषधं दिली जातात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच यातल्या नव्या पिढीच्या औषधांबद्दल, आणि २००८ मध्ये जुन्या औषधांबद्दलही, सर्वात कडक इशारा दिला. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये मृत्यूचं प्रमाण औषध नसलेली नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत साधारण १.६ ते १.७ पट आढळलं होतं. कधीच देऊ नये असं नाही. पण का दिलं, किती दिवसांसाठी, आणि बंद करायचा विचार कधी करणार, ही तीन उत्तरं लेखी असायला हवीत. तुम्हाला न विचारता नवी गोळी सुरू होत असेल तर आवाज चढवायला हरकत नाही.

शिवाय ओरडण्याचं कारण पुष्कळदा दुखणं असतं. किंवा लघवीतला जंतुसंसर्ग, किंवा साधा मलावरोध. बोलू न शकणाऱ्या माणसाचं दुखणं श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची ठेवण आणि समजूत घातल्यावर शांत होतो का, यावरून जोखता येतं. त्यासाठी ० ते १० गुणांची सोपी पद्धत २००३ पासून आहे. तुमच्या सासऱ्यांसाठी "दुखतंय हे तुम्ही कसं ओळखता?" हा प्रश्न नक्की विचारा.

आळशी_वाचक

रुमाल टाकून गेलो होतो, आता धागा वाचायला अर्धा तास लागला. वजनाबद्दल कुणी बोललं नाही अजून. आमच्या घरी कळलं ते वजनावरूनच.

स्टेथो

बरोबर, राहिलंच. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन आपोआप घटलं तर ती धोक्याची खूण मानतात. ६० किलोच्या माणसाचं महिन्यात ३ किलो. वजन दर महिन्याला, त्याच काट्यावर, त्याच सुमारास करतात का ते विचारा. उभं राहता न येणाऱ्यांचं वजन कसं करता हेही विचारा, कारण कित्येक ठिकाणी त्यांचं करतच नाहीत आणि रजिस्टरमध्ये मागचाच आकडा पुढे ढकलतात.

रात्रपाळी

जेवणाची वेळ गाठून जा, हे मी पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवं होतं. भरवणारी व्यक्ती बसलीय की उभी आहे? उभी राहून भरवताना घास वरून येतो, मान मागे जाते आणि ठसका लागतो. पक्षाघाताच्या माणसाला हे फार धोक्याचं. अन्न श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनिया. पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, एक घास गिळल्याशिवाय दुसरा नाही, आणि अधू बाजूच्या गालात घास साठून राहिलाय का ते बघायचं. जेवल्यावर निदान अर्धा तास बसवून ठेवायचं. वीस मिनिटांत चौघांना भरवून मोकळी झालेली मावशी कौतुकाची वाटते, पण त्या चौघांनी किती खाल्लं ते ताटात बघा.

आणि तोंडाची स्वच्छता. जपानमध्ये ११ शुश्रूषा केंद्रांत झालेला अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. जेवणानंतर नियमित दात-तोंड साफ केलेल्यांत न्यूमोनिया ११ टक्क्यांना झाला, न केलेल्यांत १९ टक्क्यांना. दोन वर्षांत. ब्रशला काय लागतं? पण कुणाच्याही रोजच्या यादीत ते शेवटी असतं, आणि वेळ संपला की शेवटचंच गळतं. बाथरूममध्ये ब्रश ओला आहे का, एवढं बघा.

खिडकीपाशी

इथे बरंच वैद्यकीय झालंय, मी बोलण्याबद्दल लिहिते. माझ्या आत्याला आम्ही एका केंद्रातून दुसऱ्यात हलवलं ते एका वाक्यामुळे. तिने बेल वाजवली होती. मावशी आल्या. आत्या म्हणाली संडासला जायचंय. "डायपर आहे ना घातलेला? त्यातच करा."

आत्याला धरून नेलं तर जाता यायचं. तिची शुद्ध पूर्ण जागेवर होती. त्या मावशी दुष्ट नव्हत्या, दमलेल्या होत्या, त्यांच्याकडे बारा माणसं होती. पण जिथे हे वाक्य इतक्या सहज, भाचीसमोर बोललं जातं, तिथे ते रोजचंच आहे.

तेव्हापासून मी कान देऊन ऐकते. माणसाच्या डोक्यावरून एकमेकींशी बोलतात का ("याचं झालं का गं?")? "आजोबा, आता तुम्हाला उजवीकडे वळवते हं" असं सांगून हात लावतात की सरळ ओढतात? खोलीत शिरताना दारावर टकटक करतात का? अंग पुसताना पडदा ओढतात का? बोलता न येणाऱ्याशी बोलतात का?

तिरकसराव

@खिडकीपाशी, यावर खवचटपणा सुचत नाहीये.

निळीसावली

सगळ्यांना एकत्र उत्तर देते.

काल संध्याकाळी एका ठिकाणी न सांगता गेले. गेटवर सांगितलं, "भेटीची वेळ संपली, मॅडमना फोन करून या." ते केंद्र यादीतून कटाप. दुसरीकडे आत सोडलं. वरच्या मजल्यावर एका दारावरचा बेलचा दिवा लागला होता. मी मुद्दाम तिथेच घुटमळले. सिस्टर धावत आल्या, आत डोकावून म्हणाल्या, "काका, शेजारी ड्रेसिंग चालू आहे, ते झालं की येते, विसरणार नाही." आणि खरंच आल्या. रात्री किती माणसं असतात विचारलं तर मॅनेजर म्हणाले चार, सिस्टर म्हणाल्या तीन, कधी चौथी येते. तक्ता मागितला, दाखवला. गचाळ होता. 🙂

मन तिथेच झुकतंय. पण त्यांच्या फॉर्मवर एक ओळ आहे: "रुग्ण पडल्यास, जखमा झाल्यास किंवा दगावल्यास केंद्र जबाबदार राहणार नाही." सही करावी का?

दगडफूल

सरसकट तशीच सही करू नका. हलगर्जीपणा झाला तरी जबाबदार नाही, असा अर्थ निघत असेल तर ती ओळ बदलून मागा, आणि एखाद्या वकिलाला दाखवा. त्याच फॉर्ममध्ये काय नाही तेही बघा. हॉस्पिटलमध्ये न्यायची वेळ आली तर सोबत कोण जाणार? तेवढे दिवस खाट राखून ठेवणार का आणि त्याचे पैसे लागणार का? डायपर, फिजिओथेरपी, ड्रेसिंग महिन्याच्या पैशांत धरलंय की वेगळं? किती दिवसांची सूचना देऊन ते रुग्णाला घेऊन जा म्हणू शकतात? पडणं, जखम, नवं औषध यातलं काही झालं तर किती तासांत कळवणार, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. मुक्ताफळे यांच्या घरी झालं ते यामुळे निदान टळेल.

मुक्ताफळे

हे शेवटचं मोठ्या अक्षरात लिहा. रात्री दोनला पडली असेल तर रात्री दोनला फोन.

रात्रपाळी

@निळीसावली, तीन-चारची तफावत मला चालेल. मॅनेजर कागदावरचं सांगतात, सिस्टर प्रत्यक्षातलं. तिने तुम्हाला खरं सांगितलं आणि तिथे तिला खरं सांगायची भीती वाटली नाही, हे जास्त मोलाचं. आता तिला विचारा, इथे किती वर्षं आहेस. दर दोन महिन्यांनी चेहरे बदलत असतील तर तुमच्या सासऱ्यांचं कण्हणं ओळखणारं कुणी राहत नाही.

दाखल करताना पलंगाशेजारी एक पान लिहून लावा. कोणती बाजू अधू, कोणत्या कानाने ऐकू येतं, चष्मा कधी लागतो, गिळायला त्रास आहे का, काय आवडतं, कशाने चिडतात. चष्मा, कवळी, श्रवणयंत्रावर नाव घाला, कपडे धुवायला गेले की खिशातून या वस्तू पहिल्या हरवतात. आणि ते हो-नाही कसं सांगतात ते लिहा.

निळीसावली

हो म्हणायचं असेल तर मान हलवतात. तेवढं लिहिलं तर पुरे ना?

रात्रपाळी

आधी तपासून घ्या. पक्षाघाताने बोलणं गेलेली पुष्कळ माणसं काहीही विचारलं तरी मान डोलावतात. डावा हात उचलायला सांगा आणि विचारा, "हा तुमचा डावा हात आहे का?" मग तोच हात धरून विचारा, "हा उजवा आहे का?" असे उलटसुलट पाच-सहा प्रश्न, वेगवेगळ्या वेळी, ते दमलेले नसताना. दोन्हीला होच येत असेल तर पानावर तसं स्पष्ट लिहा, की मान हलवली म्हणजे हो असं धरू नका, चेहरा बघा. नाहीतर सिस्टर विचारतील "दुखत नाही ना?", ते मान हलवतील, आणि चार्टवर "वेदना नाहीत" लिहिलं जाईल.

निळीसावली

आज संध्याकाळी करून बघते. उत्तर इथेच टाकेन.